शिवणखोलीच्या वाटेवरचा सातवा दगड

जरा जपून. तुमचा डावा पाय आत्ता माझ्यावर आहे. मी शिवणखोलीच्या वाटेवरचा सातवा दगड बोलतोय. दगडाला पाझर फुटत नाही असं जो कुणी म्हणाला, त्याने आमच्याकडची हवा पाहिलेली नसावी. इथे दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि पाऊस नसला तरी सकाळी मला घाम सुटलेला असतो.

खाणीतून आलो तेव्हा माझा एक कोपरा उडालेला होता. गवंडी मला बाजूला टाकणार होता. "राहू दे," शिंपीकाका म्हणाले, "तुकडा वाया घालवायचा नसतो." झालं! स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून अंगणापलीकडच्या त्यांच्या शिवणखोलीपर्यंत आम्ही बावीस जण ओळीने बसलो, सांध्यांत वाळू भरून. काका त्या खोलीत मशीन चालवायचे, काकू काजं-बटणं करायच्या.

दमट हवेत शेवाळ चढायला आठवडाही पुरतो. म्हणून काकू चहाचे कप घेऊन निघण्याआधी काका रोज अनवाणी आमच्यावरून चालून यायचे. पाय जरा सरकला की त्या दगडावर कापडाच्या खडूने फुली. मग काथ्याचा ब्रश, साधं पाणी आणि रगड रगड! मला गुदगुल्या व्हायच्या, पण सांगणार कुणाला?

"दगडांचं एवढं काय ते कौतुक!" काकू हसायच्या.

"टाका चुकला तर उसवता येतो गं. पाय चुकला तर काय उसवशील?"

वरचेवर ते अंगणातल्या झाडाची खालची फांदी छाटायचे, म्हणजे आमच्यावर ऊन पडायचं. वाहून गेलेली वाळू पुन्हा सांध्यांत भरायचे. फार सुखाचे दिवस होते ते. काकांची भरभर पावलं आणि मागून चहा सांडू नये म्हणून काकूंची हळू पावलं, मला अजून आठवतात.

मग काका गेले. मशीन थांबलं, पण काकूंनी खोली सोडली नाही. शेजारपाजारची काजं-बटणं त्या करत राहिल्या. आम्हाला घासणारं मात्र कुणी उरलं नाही आणि आम्ही हिरवे होत चाललो. तेव्हा चिरंजीव पुढे सरसावले. पोरगा मनाने सोन्यासारखा, पण घाई फार. आईला खूश करायला त्याने एका दुपारी आम्हाला वरवर धुतलं आणि नीट सुकूही न देता चकचकीत लेप फासला. आतली ओल आतच कोंडली. आठवड्याभरात अंगावर पांढरे चट्टे उठले, आणि वर दव पडलं की साबणाची वडी परवडली!

काकू घसरल्या त्या माझ्यावरूनच. मनगट मोडलं. इतकी वर्षं मी त्यांचा पाय धरून ठेवला होता, आणि त्या दिवशी मला ते जमलं नाही. फार वाईट वाटलं मला.

शिवणखोलीला कुलूप लागलं आणि किल्ली मुलाच्या खिशात गेली. "आई, आता तिकडे जायचं नाही," एवढं बोलून तो मोकळा झाला. काकू मागच्या दारात खुर्ची टाकून समोरच्या बंद दाराकडे बघत बसायच्या. प्लास्टर निघालं तरी तेच.

एके दिवशी आम्हाला उखडून सिमेंट ओतायला गवंडी आला. त्याने वाकून माझ्यावर नख ओढलं.

"दादा, दगडाचा काही दोष नाही. लेप काढा. अंग ओलं असताना रेनकोट घालतं का कुणी?"

"नको. मला पुन्हा धोका नको," मुलगा म्हणाला.

"पडले मी, मनगट मोडलं माझं," दारातून काकू कडाडल्या, "आणि घाबरून बसलायस तू! मला असं कोंडून ठेवू नकोस रे. या खुर्चीतच संपून जाईन मी."

मुलाने मान हलवून गवंड्याला थांबवलं. गवंडी आपली पहार घेऊन परत गेला.

पुढचे सहा रविवार मुलगा गुडघ्यांवर बसून आमचा लेप खरवडत होता. हाताला फोड आले त्याच्या. मग फांदी छाटली, वाळू भरली. माझ्यावरचे दोन चट्टे काही जायचे नाहीत, असू देत. तुमच्याकडे मागणं एवढंच, की आम्हाला चकाकी नको. थोडं ऊन, थोडी वाळू आणि आठवड्यातून एकदा ब्रश, तेवढ्यावर आम्ही जन्मभर तुमचे पाय सांभाळू.

आज सकाळी काकू निघाल्या. मुलगा दंड धरून बरोबर. सहा दगड झाले आणि माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या. मला ओलांडून जातील असं वाटलं. गेल्या असत्या तरी माझी तक्रार नव्हती.

"याच्यावरून नको, आई."

"दंड सोड आधी."

त्यांनी एक पाय माझ्यावर ठेवला, मग दुसरा. सगळा भार माझ्यावर आला. जन्मात बसलो नसेन इतका मी घट्ट बसलो. त्यांनी शांतपणे चष्मा सारखा केला आणि मुलाकडे वळल्या.

"बघत काय उभा राहिलास? पुढे हो, कुलूप काढ."