मनगटाचा रंग

नव्या नाटकात गोरा नायक परक्या वंशाच्या काळ्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि घरचे तिला उंबरठा ओलांडू देत नाहीत. काम मिळालं होतं गोऱ्यापान नटीला. मंडळीत त्या वंशाची एकटी मेकअपवालीच. रंगीत तालमींपासून ती रोज स्वतःच्या मनगटाशी ताडून नटीचा रंग कालवायची.

पहिल्या प्रयोगाला मेकअपवालीच्या सासूबाई ढसाढसा रडल्या. मेकअपच्या खोलीत येऊन त्यांनी नटीला पोटाशी धरलं. "किती सोसलंस गं पोरी!"

सून रंगांचे डबे आवरत राहिली. जवळ घेणं सोडाच, लग्नापासून सासूबाईंनी तिच्या पाठीवरून साधा हातही फिरवला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी पांढरी शाल तिच्यापुढे टाकली. "खांद्यावर बघ काय लागलंय. डाग जाईल ना गं?"

"जाईल."

तिने सवयीने डागाशेजारी मनगट धरलं. रंग तंतोतंत जमला होता.