मागचा माणूस

दिराने परदेशी गाडीचं नाव तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा वहिनीने कप इतक्या जोरात आपटला की बशीचे दोन तुकडे झाले. बशी तिचीच होती. तरी तिला बरं वाटलं.

दोघांचा धंदा होड्या ओढण्याचा. तळ्यावर हौशी लोकांच्या होड्या असतात. हंगाम संपला की त्या ट्रेलरवर चढवून गोदामात आणायच्या, हंगाम आला की परत पाण्यात सोडायच्या. ज्याला हे सोपं वाटतं त्याने शेवाळलेल्या उतारावरून दोन टनांची होडी एकदा मागे नेऊन दाखवावी, तोंडचं पाणी पळेल. आधी वहिनीचा नवरा गाडी चालवायचा आणि ती मागे उभी राहायची. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. धंद्यातला अर्धा हिस्सा तिच्या नावावर आला आणि स्टिअरिंग दिराच्या हातात गेलं. ती मात्र होती तिथेच राहिली, ट्रेलरच्या शेपटाशी, पाण्याकडे तोंड करून, एक हात वर धरून. हात हलला की गाडी मागे यायची, मूठ वळली की थांबायची, मग पाण्यात उतरून होडीचा पट्टाही तीच सोडायची. बारा वर्षांत एकाही होडीला ओरखडा नाही, आणि ते आपल्यामुळेच, असं तिचं ठाम मत होतं. दिराचं मत वेगळं होतं, पण त्याला विचारलं कोणी?

आता जुन्या पिकअपची चेसिस गंजून भुगा झाली होती आणि हंगाम तीन आठवड्यांवर आला होता. गोदामाच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेल्या त्यांच्या ऑफिसात टेबलावर दोन कॅटलॉग पडले होते, एक देशी गाडीचा, एक परदेशी.

"साडेतीन टन ओढते," दीर परदेशी कॅटलॉगवर बोट आपटत म्हणाला. "तुमची देशी अडीच टनांवर हाय खाते."

"आपली सगळ्यात जड होडी दोन टनांची आहे, भाऊजी. वरचा दीड टन काय तुमचा तोरा ओढायला?"

"ब्रेक बघा जरा. ओढण्यापेक्षा थांबता येणं महत्त्वाचं असतं."

"देशी गाडीचा क्लच कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून बसवतो. तुमच्या महाराणीचा एक बोल्ट यायला महिना लागेल. तोवर होडी काय डोक्यावर घेऊन जाणार?"

"वहिनी, गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

दोघं एकमेकांना अहो-जाहो करत भांडायची. त्यामुळे भांडण सभ्य व्हायचं नाही, नुसतं लांबायचं.

देशी गाडी त्यांनी आदल्या दिवशी उतारावर चालवून पाहिली होती. ती कण्हली, तिची चाकं दोनदा घसरली, पण होडी घेऊन वर आली. वहिनीने तेवढ्यावर तिला पास करून टाकलं. खरं सांगायचं तर ते कण्हणं ऐकून तीही दोन पावलं बाजूला सरकली होती. पण हे दिरापुढे कबूल करण्यापेक्षा तिने उतारावरचं शेवाळ जिभेने साफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमवाला परदेशी गाडी घेऊन तळ्यावर हजर झाला. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. जिला न्यायला मालक कधी आलाच नाही अशी एक जुनी होडी चाचणीसाठी ट्रेलरवर चढवून ठेवली होती. शोरूमवाल्याने खिशातून मुठीएवढी डबी काढली आणि ट्रेलरच्या शेपटाला चिकटवली, बरोबर वहिनी उभी राहायची त्या जागी.

"हे काय?" तिने विचारलं.

"कॅमेरा, मॅडम. मागचं सगळं आत पडद्यावर दिसतं. आणि आत एक चकती आहे. ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे चकती फिरवायची, बस. स्टिअरिंग गाडी आपलं आपण फिरवते. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी काही नसलं तरी चालेल, पण हे पाहिजे. मागे माणूस ठेवायची कटकट संपते ना."

दिराला एकाएकी गाडीच्या टायरमध्ये फार रस वाटू लागला. तो वाकून टायर बघत बसला.

साडेतीन टन, ब्रेक, सगळी बतावणी होती तर! वहिनीला राग आला, पण त्याच्याही आधी भीती वाटली. हिस्सा कागदावर राहणार होता, तो कोणी हिरावून घेत नव्हतं. काम जाणार होतं. सकाळी उठून कुठे जायचं, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन कुठून परत यायचं, हे सगळं त्या डबीने संपणार होतं. मग उरलं काय, चार भिंती आणि भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो.

"मी कटकट का, भाऊजी?"

"तसं नाही हो. तुमचं वय, ते गार पाणी, तुमचे गुडघे... घरी आराम करा. हिस्सा मी घरपोच करीन."

"माझे गुडघे बारा वर्षं दिसले नाहीत तुम्हाला? आज बरे दिसले!" ती काठावरच्या दगडावर जाऊन बसली आणि तिने हाताची घडी घातली. "चालवा. मी बघते."

दीर गाडीत बसला. पण ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, शेपूट डावीकडे हवं तर हात उजवीकडे, आणि ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. चकतीला तसं काही नको होतं. त्याने सवयीने चकती उजवीकडे फिरवली आणि ट्रेलर निमूटपणे उजवीकडे, उताराच्या कडेच्या भिंतीकडे निघाला. त्याने घाबरून ती आणखी फिरवली. ट्रेलर आणि गाडी एकमेकांना काटकोनात आली आणि होडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. शोरूमवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी दिराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "वहिनी! अहो, मागे किती राहिलंय? सांगा की!"

"पडद्यावर बघा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "सगळं दिसतं म्हणे."

मग ती उठली, साडी झटकली आणि गाडीपाशी गेली. "उतरा."

"काय?"

"अर्धी गाडी माझी असणार आहे. माझी अर्धी मी चालवून बघते."

लायसन्स तिच्याकडे होतं. गोदामासाठी सामान आणायला जुनी पिकअप तीच न्यायची. पण ट्रेलर जोडून मागे घ्यायला शिकवा, असं तिने दोनदा म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा दीर हसला होता. ते सगळं उलटं असतं, डोकं फिरेल तुमचं, असं म्हणाला होता. आता शोरूमवाल्यासमोर त्याला नाही म्हणता येईना. तो उतरला.

वहिनी आत बसली आणि तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर उतार होता. डावीकडचा फुटका कठडा, मधला शेवाळाचा पट्टा, पाण्यात शिरणारी खडी. यातला दगड न् दगड तिला पाठ होता. दीर हे दृश्य जन्मात पहिल्यांदा बघत होता, आणि ती रोज बघायची. तिने गाडी आधी पुढे घेऊन सरळ केली. मग शेपूट जरा डावीकडे हवं होतं म्हणून चकती जरा डावीकडे फिरवली. हाताला मोडायला कुठलीच सवय नव्हती. ट्रेलर डावीकडे वळला.

अर्ध्या उतारावर पडद्यात दीर दिसला. तो ट्रेलरच्या मागे येऊन उभा राहिला होता आणि हात वर करून 'या, या' म्हणत होता, तेही चुकीच्या बाजूला. तिने हॉर्न दाबला. तो हलेना. तिने दाबूनच धरला, तेव्हा तो टुणकन बाजूला उडाला.

ट्रेलरची चाकं पाण्यात बुडाली. जिथे थांबवायची बरोबर तिथे तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि काच खाली केली.

"भाऊजी, होडीचा पट्टा सोडा."

"मी?"

"मग कोण, कॅमेरा?"

शोरूमवाल्याने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. दिराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पँट दुमडली आणि तो पाण्यात उतरला. पाणी गार होतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. वहिनीला वाटलं होतं, आपल्याला त्याची कीव येईल. यायला हवी होती. पण आला तो नुसता आनंद, पोटभर आणि थोडा घाणेरडा.

"हीच घेऊ," तिने शोरूमवाल्याला सांगितलं. "आणि चालक म्हणून माझं नाव लिहा."

दिराने ते ऐकलं. काहीतरी बोलायला तो वळला आणि त्याचा पाय घसरला. कमरेपर्यंत भिजून त्याने कसाबसा ट्रेलर धरला.

"सांभाळून," ती म्हणाली. "तिथे खड्डा आहे. आधी पायाने चाचपायचं, मग पाय टाकायचा."

तिला हे पहिल्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं.