नाल्याच्या वाटेवरचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. देवासच्या कारखान्यांपलीकडे एक कॉलनी आहे, तिच्या अगदी खालच्या रांगेतल्या एका घराच्या माळ्यावर मी पडून असतो. शेजारी मोडका कुलर आहे आणि पणत्यांचे एक खोके. माझ्या पत्र्यावर मातीची एक आडवी रेघ आहे. पुसूनही ती गेली नाही. ती कशी उमटली ते कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

मला प्रणवने जोडले. २००४ सालचा उन्हाळा होता. इंदूरच्या बाजारातून तो एकेक भाग आणायचा आणि बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून जोडायचा. मी पहिल्यांदा सुरू झालो त्या दिवशी त्याच्या आईने, नलिनीबाईंनी, मला हळदकुंकू लावले. वडील, बळवंतराव, लांबूनच बघत होते. सातारा सोडून ते तरुणपणी इथल्या कारखान्यात लागले होते. उभी नोकरी कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्त होता होता हे घर बांधले. नुसते स्वतःचे बांधले नाही. बरोबरीच्या मराठी कामगारांनाही त्यांनीच आग्रह करून इथे प्लॉट घ्यायला लावले होते. कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. त्या शब्दाला ते फार जपत.

प्रणव एका खाजगी संस्थेत संगणक शिकवायचा. संध्याकाळी घरी आला की चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायचा. नकाशे करायचे एक सॉफ्टवेअर तेव्हा नवे होते. ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. जगभरातली माणसे ते मिळून लिहीत होती आणि कोणालाही वापरू देत होती. त्यात नवे काम घालायचे तर त्याला प्लगइन जोडावे लागे, मिक्सरला वेगळे भांडे बसवतात तसे. प्रणवला असा एक प्लगइन करायचा होता. उपग्रहाने मोजलेली जमीन माझ्या पडद्यावर बारीक चौकोनांत मांडलेली असायची आणि प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची असायची. प्रणवचा प्लगइन शेजारशेजारचे चौकोन ताडून बघायचा आणि पडलेले पाणी कुठून कुठे वाहत जाईल ती वाट निळ्या रेघेने काढायचा. सांगायला हे सोपे आहे. करायला त्याला वर्ष लागले. हिशेब करता करता मी इतका तापायचो की नलिनीबाई टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवत.

पहिली परीक्षा धारची झाली. धारला उदाजीराव नावाचे गृहस्थ होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घराणे जुन्या दरबारातले, बोलणेही तसेच जुन्या वळणाचे. गणेशोत्सवात प्रणवची त्यांच्याशी ओळख झाली होती. ते देवासला आले आणि चष्मा सावरून माझ्यासमोर बसले. धारमधले तलाव एकाचे पाणी दुसऱ्यात कसे सोडतात, ते माझ्या पडद्यावर निळ्या रेघांनी उमटत गेले. उदाजीरावांनी एका रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "आमचे आजोबा हे पायांनी हिंडून शिकले. आपण हे बसल्या जागी दाखवलंत."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. प्रणवने प्लगइन जगाकडे पाठवला. दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी तो तपासला, चुका दाखवल्या, दुरुस्त्या सुचवल्या आणि शेवटी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. प्रणवचे नाव त्यात लागले. नलिनीबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले. नोकरी लागली का, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रणव हसून म्हणाला की इथे कोणालाच पगार नाही. मग ती माणसे चांगली असतील, असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर प्रणवने देवासचा नकाशा लावला. सहज म्हणून, घरच्यांना दाखवायला.

टेकडीवरून रेघा उतरल्या. कारखान्यांच्या मागून आणखी काही आल्या. सगळ्या एकमेकींना मिळत मिळत जाड झाल्या आणि ती जाड रेघ आमच्या कॉलनीच्या खालच्या रांगेवरून, आमच्या घरावरून गेली. प्रणवने पुन्हा हिशेब करायला लावला. मी पुन्हा तेच दाखवले. आपली काहीतरी चूक असावी, अशी त्याची फार इच्छा होती. त्याने उदाजीरावांना बोलावले. ते उतार मोजायची दुर्बीण घेऊन आले. दोघांनी दिवसभर गल्लीतून फिरून पातळी घेतली. संध्याकाळी उदाजीरावांनी बळवंतरावांना शांतपणे सांगितले की इथे पूर्वी नाला असला पाहिजे. राख आणि मुरूम टाकून तो बुजवला आणि त्यावर प्लॉट पाडले.

बळवंतरावांनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवले. परत आल्यावर ते मुलाला म्हणाले, "ज्या गावाला नव्वद साली पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या गावात तू पूर दाखवतोस?"

प्रणव म्हणाला, "बाबा, रोज नाही येणार. पण एक दिवस येईल."

बळवंतरावांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. माझ्या एकेका चौकोनात कॉलनीतली वीस-वीस घरे मावत होती. एवढ्या ढोबळ मापावरून कोणाच्या घरावर बोट ठेवायचे का, असे त्यांनी विचारले. दुर्बिणीने तर नीट मोजले ना, असे प्रणव म्हणाला. त्यावर ते पेपर घेऊन शेजारच्या खोलीत गेले. पण पुढच्या रविवारी प्रणवने कॉलनीच्या सभेत हा विषय काढला. खालच्या रांगेमागून पाणी जायला वाट मोकळी ठेवू, सगळे मिळून पालिकेकडे अर्ज करू, एवढेच त्याचे सांगणे होते. शेजारच्या घरातले शालिग्राम उठून म्हणाले, "भिया, तू तो हमारे मकान मिट्टी कर देगा. कल को कौन लेगा इनको?" लोक बळवंतरावांकडे बघू लागले. त्यांनीच तर सगळ्यांना इथे आणले होते. सर्वांसमोर त्यांनी सांगितले की मुलाचे हे शिकाऊ काम आहे, मनावर घेऊ नका.

घरी येऊन ते म्हणाले, "हे पुन्हा या घरात बोलायचं नाही."

प्रणवने ऐकले. वाद घातला असता तर बरे झाले असते, असे मला आज वाटते. तो माझ्यासमोर बसायचा आणि परक्यांची पत्रे वाचायचा. कुठल्याशा देशात एका बाईंच्या गावाची नदी नकाशात नीट उमटत नव्हती. त्याने ती चूक शोधून दिली. त्या बाईंनी लिहिले की आता आमच्या गावाला शाळा कुठे बांधावी ते कळले. ते पत्र त्याने आईला मराठीत वाचून दाखवले. वडील शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपराचे पान बराच वेळ उलटले नाही.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस लागला. दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रणव संस्थेत असताना पाणी आले. ते रस्त्याने आले नाही. मागच्या भिंतीकडून आले, ज्या वाटेने मी दाखवले होते त्याच वाटेने. आधी मोरीतून, मग दाराखालून. बळवंतराव शालिग्रामांच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन वरच्या रांगेकडे गेले. नलिनीबाईंना त्यांनी पुढे पाठवले होते. त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या.

त्या माझ्यासाठी परत आल्या, मित्रांनो. पडदा टेबलावर असला तरी मी, म्हणजे माझा पत्र्याचा डबा, तेव्हा टेबलाखाली, जमिनीवर असायचो. पाणी माझ्या अंगाला लागले होते. पोराचे सगळे काम ह्यात आहे, असे पुटपुटत त्या वाकल्या. वास्तविक प्रणवचे काम माझ्यात अडकलेले नव्हतेच. ते केव्हाच जगभरच्या संगणकांवर गेले होते. मी वाहून गेलो असतो तरी त्यातले एक अक्षर हरवले नसते. पण हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. एरवी चार थेंब पडले की देवासची वीज जाते. त्या दिवशी गेली नव्हती. माझी तार जमिनीलगतच्या ज्या बोर्डाला होती, तो पाण्याखाली होता. त्यांनी तार ओढायला हात घातला.

बळवंतराव परत आले तेव्हा त्या माझ्या शेजारी होत्या. मी सगळे पाहिले. मला हाक मारता येत नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. घरात दोघेच उरले. भिंतींना ओल होती. बळवंतराव मुलाकडे बघून म्हणाले, "तू मला ओरडून का नाही सांगितलंस?"

 प्रणव उठला, मला उघडून कापडाने पुसले, उन्हात वाळवले आणि सुरू केले. मी सुरू झालो. मी बिघडलो असतो तर फार बरे झाले असते. पडद्यावर तोच नकाशा आला, तीच रेघ. त्याने मला बंद केले आणि माळ्यावर चढवले. महिन्याभरात तो पुण्याला नोकरीला गेला.

वर्षश्राद्धाला उदाजीराव धारहून आले होते. जेवणानंतर त्यांनी प्रणवला हळूच विचारले, "आपलं ते काम चालू आहे ना?" प्रणवने सांगितले की सॉफ्टवेअर आता बदलले आहे, नव्यात त्याचा प्लगइन बसत नाही. तो दुरुस्त कर म्हणून लोकांची पत्रे आली. त्याने ती उघडलीच नाहीत. वाट बघून त्यांनी प्लगइन काढून टाकला. उदाजीरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुरुस्त करा, असे म्हणायचा त्यांनाही धीर झाला नाही. परदेशातल्या त्या बाईंचे पत्रही त्या न उघडलेल्यांत असेल का, हे मला कधीच कळले नाही.

आता घरात बळवंतराव एकटे असतात. मागे कॉलनीच्या खाली, अजून उतारावर, नव्या प्लॉटांचे दगड रोवले आहेत. आमचे घर विकून पुण्याला या, असे प्रणव फोनवर म्हणतो. विकायचे तर घेणाऱ्याला सांगावे लागेल, एवढेच बोलून बळवंतराव फोन ठेवतात.

माळ्याच्या झरोक्यातून मला अंगण दिसते. गेल्या आठवड्यात शालिग्रामांचे घर बघायला एक तरुण जोडपे आले होते. बाई पोटुशी होती. घर त्यांना आवडले होते. जाता जाता तिने आमच्या फाटकाशी थांबून बळवंतरावांना विचारले, "अंकल, यहाँ पानी की कोई दिक्कत तो नहीं?"

शालिग्राम तिच्या मागेच उभे होते. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले होते, हे बळवंतरावांना ठाऊक होते. शालिग्रामांच्या म्हाताऱ्या आईला त्यांनीच पाठीवरून नेले होते. बळवंतरावांनी तोंड उघडले. मग मान खाली घातली, घरात आले आणि दार लावून घेतले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, शिकाल, माझ्याहून कितीतरी चांगली यंत्रे हाताळाल. आम्हाला जपा, असे मी म्हणणार नाही. आम्ही पत्र्याचेच आहोत. पण आमच्या पडद्यावर कोणाचे घर बुडताना दिसले, तर त्या घराचे दार वाजवा. कोणी गप्प बस म्हटले तरी वाजवा. ते जोडपे पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे आणि मला बोलता येत नाही.