पाणी गेलं, टकटक राहिली

मित्रांनो, नळ सोडला की पाणी येतं हे तुम्हाला माहीत आहे. पण ते कुणाच्या पोटातून येतं, याची चौकशी तुम्ही कधी केली नसेल. मी तोच. तांब्याचा एक जुना पाईप. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून निघायचं, छताच्या भोकातून वर जायचं, पलंगाच्या उशाशी भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि मग न्हाणीघरात शिरायचं, एवढाच माझा प्रवास. त्यातच माझं आयुष्य गेलं.

मी या घरात आलो तेव्हा घर नवं होतं आणि घरातला संसारही नवा होता. आबा शिंपीकाम करायचे. मला पाहून ते माईंना म्हणाले, "याच्यापुढे माझी पितळी बटणं फिकी!" त्या एका कौतुकावर मी कित्येक वर्षं काढली. नंतर भिंतीबरोबर मलाही रंग फासला गेला आणि मी कुणाच्या लक्षात राहिलो नाही. तक्रार नाही माझी. पाणी वेळेवर येत असलं की पाईपाची आठवण कोण काढतो?

आबांचे पाय आधी थकले. न्हाणीघर वर, म्हणून त्यांचा मुक्कामही वरच्या पलंगावर. माईंचे गुडघे कुरकुरू लागले; सकाळी खाली उतरल्या की रात्री निजायलाच वर जायच्या. मधला सगळा दिवस एक वर, एक खाली. एकाच घरात राहून दोघं परगावी गेल्यासारखी झाली.

मग एका दुपारी आबांनी मला टक् केलं. त्यांच्या बोटात अंगुस्तान होतं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी. शिवणकाम सुटलं, तरी ती काही सुटली नव्हती. तो ठोका माझ्या अंगातून सरसरत खाली गेला. माईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हातातल्या पळीने उलट टक् केलं. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. वरून टक्, म्हणजे 'आहेस ना?' खालून टक्, म्हणजे 'आहे.' बस्स, दुसरं बोलणं नाही. मित्रांनो, पाणी वाहणं ही माझी नोकरी होती; पण हे काम मला मनापासून आवडायचं.

म्हातारपण मलाही चुकलं नाही. अंगावर हिरवट डाग आले, बारीक भोकं पडली, भिंत ओली राहू लागली. दूर नोकरी करणारी लेक सुट्टीवर घरी आली होती. तिने ओल पाहून कपाळावर हात मारला आणि प्लंबरला बोलावलं.

प्लंबर गप्पिष्ट होता. मला दोनदा चापटी मारून म्हणाला, "ताई, याला ठिगळं तरी किती लावणार? काढून प्लास्टिकची नळी टाकू. वळवाल तशी वळते, गंजायचं नाव नाही."

"आणि वाजतो किती हा!" लेक म्हणाली. "सारखी टकटक. काल दुपारी डोकं उठलं माझं."

"जुने पाईप वाजायचेच. नवी नळी बघा, एकदम चिडीचूप."

माई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण या वयात आम्ही नवरा-बायको पाईपावर टकटक करून एकमेकांची खबर घेतो, हे परक्या माणसासमोर सांगायचं कसं? "तुला योग्य वाटेल ते कर, बाई," एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा भाजीत मान घातली.

झालं. मला कापून काढलं आणि माझे तुकडे जिन्याच्या पायथ्याशी भंगारवाल्याची वाट पाहत पडले. माझ्या जागी पांढरी नळी बसली. खरं सांगतो, ती गुणी आहे. एक थेंब गळू देत नाही. मी तिला नावं ठेवणार नाही.

संध्याकाळी आबांनी तिच्यावर अंगुस्तान मारलं. थप्. पुन्हा मारलं. थप्. तो ठोका तिथल्या तिथे विरला. खाली माई पळी हातात धरून उभ्या होत्या. दूध उतू गेलं, तरी त्यांना कळलं नाही.

आबा गप्प गप्प दिसतात, म्हणून लेकीने त्यांच्या उशाशी बटणाची घंटी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वाजली आणि लेक धावत वर गेली. "काय हवंय, आबा?" "काही नको गं." थोड्या वेळाने पुन्हा घंटी, पुन्हा "काही नको." तिसऱ्या खेपेला तिला धाप लागली आणि रागही आला.

"आबा, काहीच नको तर घंटी कशाला वाजवता?"

आबा ओशाळले. "अगं, काही नको, एवढंच सांगायचं असतं. तुझ्या आईला. पण ही घंटी नुसती बोलावते. उत्तर नाही आणत."

लेकीला काही उमगेना. ती जिना उतरू लागली, तर पायथ्याशी माई. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात पळी. त्या कशाबशा वाकल्या आणि त्यांनी मला टक् केलं, चांगलं जोरात. आवाज जिन्यातून वर गेला. मग वरून, पलंगाच्या लोखंडी दांडीवर, टक्.

लेक मधल्या पायरीवरच बसली. "म्हणजे ती टकटक... तुम्ही?"

"आम्हीच गं," माई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या.

"सांगायचं नाही का, आई! मी भंगारात काढलं की गं ते." तिचे डोळे भरून आले.

छताचं भोक बुजवायचं राहिलं होतं, म्हणून प्लंबर त्या दिवशी परत येऊन सिमेंट कालवत होता. लेकीने त्याला थांबवलं. "हा लांब, सरळ तुकडा परत बसवा. इथून वर आबांच्या उशापर्यंत."

"पाणी कुठून जोडू?"

"पाणी नको."

प्लंबर तिच्याकडे बघतच राहिला. "पाणी येत नाही म्हणून सगळे बोलावतात, ताई. पाणी नको म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या!" मग माईंनी पळी टेकवून दाखवली, वरून उत्तर आलं, आणि त्याने सिमेंटचं घमेलं बाजूला सारलं. भोकात सिमेंट भरलं तर माझा आवाज दबेल, म्हणून आबांनी पलंगावर बसून माझ्याभोवती भोकात बसेल अशी कापडाची जाड गोल पट्टी शिवली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या अंगुस्तानाला सुई भेटली होती.

परत जायच्या दिवशी लेकीने पळी उचलून मला हळूच टक् केलं. आबा वर हसले. माईंचा हात त्यांना ओळखू येतो. हा लेकीचा होता. तरी त्यांनी विचारलंच, टक्. आणि तिनेही सांगितलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू कधीतरी बदलाव्या लागतात, त्याचं मला दुःख नाही. पण काढण्याआधी घरात एकदा विचारा, ही वस्तू आणखी काय करत होती? आणि कुणी सांगायला लाजत असेल, तर थोडं थांबून...

बरं, माझं बोलणं राहू द्या. वरून ठोका आला आहे. माई खाली वाट पाहत असतील.