एक कोण?

मोठे सर रागावले की आवाज चढवत नसत, उतरवत. त्या संध्याकाळी तो इतका खाली आला की बाईंनी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

“उद्या तपासणी. तुमची दुसरीची तीस मुलं. एकोणतीस तरबेज. मग ती उफराटी कशाला हवी?”

उफराटी म्हणजे शिंप्याची धाकटी. पंचवीस सांगितले की ती बावन्न लिही, त्रेचाळीस सांगितले की चौतीस. नाव वर्गानं ठेवलं होतं, आणि तिनं ते अंगावर घेतलं होतं, थोरलीचा झगा घ्यावा तसं.

“सर, पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. ती ऐकते तसं लिहिते. काड्या द्या तिला. दहाचे दोन गठ्ठे, पाच सुट्या, डोळे झाकून मांडेल. काडीवरून आकड्यावर यायला तिला वेळ लागतो, एवढंच.”

“साहेब काड्या बघत नाहीत, फळा बघतात. गैरहजर मूल धरत नाहीत. म्हणजे शंभर टक्के. फाटकावर तशी पाटी लागेल, तुमची हंगामी ऑर्डर कायम होईल. विचार करा.”

“केला,” बाई म्हणाल्या. “ती येणार.”

शाळेतून त्या थेट शिंप्याकडे गेल्या. शिवणयंत्र थांबलं. मुलीची आई दारातच म्हणाली, “सरांचा निरोप आलाय, उद्या हिला घरीच ठेवा म्हणून. शाळेनंच नको म्हटल्यावर आम्ही कुठल्या तोंडानं पाठवायची?”

“तिची शाळा म्हणजे मी. मी सांगते, पाठवा.”

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “बाई, उसवलं म्हणून कापड टाकायची आमची रीत नाही. पण तुमची नोकरी उसवेल.”

“माझी शिवण माझी मी बघते.”

कोपऱ्यात मुलगी चिंध्यांचे गठ्ठे बांधत होती. दहा-दहाचे.

सकाळी ती आली, दोन वेण्या घट्ट घालून. पण फाटकातच मोठ्या सरांनी तिच्या हाती कात्री दिली, पाठीवरून हात फिरवला आणि वर्गाला लागून असलेल्या नकाशांच्या खोलीत तिला पताका कापायला बसवलं. कडी बाहेरून घातली. बाई वर्गात आल्या तेव्हा दुसऱ्या बाकाची कड रिकामी होती. त्या विचारणार, तोच दारात साहेब उभे राहिले आणि त्यांच्या मागं मोठे सर.

“बसा, बाळांनो,” साहेब म्हणाले. “आज किती जण हजर?”

पहिल्या बाकावरची बडबडी उठली. “एकोणतीस.”

आता या वर्गाची एक खोड होती. एकोण आलं की त्यांना पुढं जाता येत नसे. बाईंनीच लावलेली सवय. एकोणतीस म्हणजे वीस आणि नऊ नव्हे, त्या सांगत. एकोणतीस म्हणजे तीस, पण एक यायचा राहिलाय. आपली भाषा न आलेल्याचीही आठवण ठेवते. म्हणून रोज हजेरीला गाणं असे, आणि कुणी न सांगता ते आताही सुरू झालं:

“अठ्ठावीस आले, सरकून बसा,
एकोणतिसाचा जीव अर्धा कसा?
तिसाच्या घरात रिकामा कोन,
एक कोण, एक कोण, सांगा हो कोण?”

शेवटच्या ओळीला वर्ग थांबला. नेहमी इथं सगळे मिळून राहिलेल्याचं नाव घेत. त्याआधीच भिंतीपलीकडून बारीक, खणखणीत आवाज आला.

“मी.”

साहेबांनी मान वळवली.

“शेजारचा वर्ग आहे,” मोठे सर म्हणाले.

“तिकडं वर्ग नाहीये,” बडबडी म्हणाली. “तिकडं नकाशे असतात.”

बाई चालत गेल्या. मोठ्या सरांनी हलक्या आवाजात “बाई” म्हटलं, अगदी हलक्या. बाईंनी कडी काढली. कात्री हातात घेऊनच उफराटी बाहेर आली, केसांत कागदाचे लाल तुकडे, आणि आपल्या कडेला जाऊन बसली.

“आता तीस,” बाई म्हणाल्या. “विचारा, साहेब.”

साहेबांनी तिलाच उठवलं. “पंचवीस लिही.”

तिनं फळ्यावर लिहिलं: ५२.

वर्गात कुणी हसलं नाही. मोठ्या सरांनी डोळे मिटले. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “तिचं झालं नाही अजून.”

“लिहिलं की तिनं.”

“लिहिलं. बघितलं कुठं?”

उफराटीनं टेबलावरच्या डब्यातून काड्या घेतल्या आणि फळ्याखाली जमिनीवर बसली. डावीकडं दोन गठ्ठे. उजवीकडं पाच सुट्या. वर आकडा, खाली काड्या. ती वर बघे, खाली बघे. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाहेर पहिलीची मुलं ओरडत पळाली. इथं एकही बाक वाजलं नाही.

“साहेबांना पुढच्या शाळेत जायचंय,” मोठे सर म्हणाले. “बाई, ऑर्डरचं लक्षात आहे ना?”

“आहे. जायचं त्यांनी खुशाल जावं. हा वर्ग तिचं झाल्यावर उठेल.”

साहेब दारापर्यंत गेले. मग तिथंच थांबले, पेनाचं टोपण न लावता.

उफराटी उठली. टाचा उंच करून तिनं डस्टर घेतलं आणि पाचावर ठेवलं. पुसलं मात्र नाही. मागं वळून तिनं बाईंकडं पाहिलं.

बाईंनी मान हलवली नाही, ना होकाराची, ना नकाराची. हाताची घडी घालून त्या उभ्या राहिल्या. तिच्यासाठी त्यांच्याकडं दिवसभर वेळ होता.