रायभानच्या अर्जातील नऊ मेंढरे

मित्रांनो, आधी नीट बसा आणि हातातले खेळ बाजूला ठेवा. मी पितळेची दौत आहे. जुनी आहे, हे मी स्वतःच सांगते. मात्र मला कोणी निरुपयोगी म्हटलेले मी खपवून घेत नाही. माझ्या पोटातल्या शाईने किती माणसांच्या आयुष्याला वळण लागले, हे माझ्याकडे पाहून तुम्हाला कळणार नाही. म्हणून ऐका.

परभणीच्या एका ओतारी कारागिराने मला घडवले. त्याने साचा दोनदा मोडला, कारण माझा गळा त्याच्या मनासारखा उतरत नव्हता. तिसऱ्या खेपेस मी जन्मले. दौतीचा गळा असा हवा, की आडवी झाली तरी शाई सांडू नये. इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाचा कागद खराब केलेला नाही.

मला किशनरावांनी विकत घेतले. ते गंगाखेडच्या कचेरीसमोरील लिंबाखाली सतरंजी अंथरून बसत आणि लोकांचे अर्ज लिहून देत. लोक त्यांना मुन्शीजी म्हणत. त्या काळी निजामाचे राज्य होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. माझ्या पोटात रेशमी धाग्यांचा बोळा असे. त्यावर बोरू टेकवला की शाई बेताने चढे, आणि किशनरावांची उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे मोत्यांच्या सरीसारखी उमटत.

पुढे निजामाचे राज्य गेले. हैदराबाद भारतात विलीन झाले आणि हळूहळू कचेरीत मराठी आली. किशनराव तेव्हा पन्नाशीला टेकले होते. घरी मराठी बोलत, पण सरकारी मराठी त्यांनी कधी लिहिली नव्हती. बरोबरीचे कित्येक लिहिणारे सतरंजी गुंडाळून घरी बसले. किशनरावांनी मात्र पाटी आणली आणि लहान मुलासारखी बाळबोध अक्षरे गिरवली. बोरू गेला, टाक आला. शिकण्याची लाज न बाळगणारा माणूस मला फार आवडतो. तुम्हीही तसेच व्हा.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एके सकाळी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच मेंढपाळ सतरंजीपाशी येऊन उभा राहिला. त्याचे नाव रायभान. त्याच्यामागे त्याची बायको सुगंधाबाई होती आणि तिचे बोट धरून सात वर्षांची कमल.  बोलायला मात्र सुगंधाबाईच पुढे झाली.

"मुन्शीजी, परभणीच्या अंगाला सरकारचं मेंढ्याचं केंद्र निघायलंय म्हनं. थितं मोठ्या मेंढक्याची एक जागा हाय. ह्यांचा अर्ज लिवा."

"फिरस्ती सोडणार का रायभान?" किशनरावांनी विचारले.

उत्तर पुन्हा तिनेच दिले. "सोडाया पायजे जी. दरसाल दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन गोदागंगेच्या काठानं निघतो. ह्या पोरीचं नाव शाळंत दोनदा घातलं, दोनदा काटलं. मास्तर म्हनले, आता तिसऱ्यांदा न्हाई घ्यायचो. नोकरी लागली तर एका जागी ऱ्हाऊ. न्हाई लागली, तर पोरगी मेंढरामागंच."

मित्रांनो, त्या अर्जावर काय अवलंबून होते, हे आता तुम्हाला समजले असेल.

किशनरावांनी टाक बुडवला आणि जुन्या सवयीने झरझर लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवले : 'अर्जदार अत्यंत गरीब असून त्याजवर वृद्ध मातापित्यांचा, पत्नीचा व कन्येचा भार आहे. मायबाप सरकारने दयादृष्टीने पाहावे. अर्जदार आजन्म दुवा देत राहील.' भाषा डौलदार होती, हे मी नाकारत नाही. निजामाच्या काळी असेच अर्ज लिहीत. स्वतःला जितके लहान करावे, तितका अर्ज चांगला मानला जाई.

सुगंधाबाईने पदर सावरला. "कागूद झ्याक हाय मुन्शीजी. पर ह्यात आमचे हे कुठं हायत? एवढी गरिबी तर आमच्या शेजारच्या लिंबाजीची बी हाय. त्याला द्या म्हनावं का मग जागा?"

शेजारच्या सतरंजीवर बन्सीधर नावाचा दुसरा अर्ज लिहिणारा बसत असे. तो मोठ्याने हसला. किशनराव मात्र हसले नाहीत. त्यांनी तो कागद शांतपणे फाडून टाकला. वीस वर्षांची सवय एका बाईच्या एका वाक्याने मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बरोबर आहे, बाई. रायभान, तूच सांग. तुला काय काय येतं?"

"काय न्हाई जी. मेंढरं वळतो."

"आणखी?"

"आनखी काय? मेंढरंच."

"अवं, सांगा की नीट!" सुगंधाबाई उसळली. "मेंढी अडली तर चार वाड्यांची मानसं ह्यांनाच बोलवायला येतात. आडवं आलेलं कोकरू हातानं फिरवून काढत्यात. पोरक्या कोकराला दुसऱ्या मेंढीला लावत्यात."

"ते कसं?" किशनरावांनी विचारले.

आता रायभानला कंठ फुटला. "जिचं कोकरू मेलं, तिच्या मेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकरावर पांघरायचं जी. मेंढी वास घेती. आपलंच हाय म्हनून पाजती. तीन दिवसानं कातडं काढलं तरी सोडत न्हाई मग."

"आणि हे तू मला सांगत नव्हतास?"

"त्यात काय सांगायचं? ते तर घरचं काम हाय."

मित्रांनो, जी माणसे खरोखर काम जाणतात, त्यांची हीच खोड असते. जे रोज हाताखालून जाते, ते त्यांना गुण वाटतच नाही. किशनरावांनी ते सर्व एकेक करून कागदावर घेतले.

बन्सीधरला राहवेना. "किशनराव, मेंढ्यांची बाळंतपणं सरकारी कागदावर? उद्या सहीच्या जागी बोकडाचा खूर उठवाल! अहो, जाहिरातीत लिहिलंय, लिहिता-वाचता येणाऱ्याला आधी घेणार. सरळ चौथी पास लिहा. दाखल्याचं माझ्याकडं लागलं."

सुगंधाबाईची नजर लेकीकडे गेली. ती हलक्या आवाजात म्हणाली, "लिवा की मग चौथी. कोन बघायला येतंय?"

"न्हाई," रायभान म्हणाला. त्या सकाळी तो प्रथमच न विचारता बोलला. "पोरगी शिकावी म्हनून अर्ज करायलोय, आन् बापाची साळा लबाडीची? मला सही येती. ज्वारीच्या पोत्यावरलं नाव वाचता येतं. तेवढंच लिवा."

किशनरावांनी तेवढेच लिहिले. शेवटी जाहिरातीत विचारलेली एकच गोष्ट उरली : अर्जदाराने आजवर किती जनावरे सांभाळली?  रायभानने जमिनीकडे पाहिले.

"तेवढं सोडून द्या, मुन्शीजी," सुगंधाबाई म्हणाली. "जितं मेंढरू आमच्यात मोजत न्हाईत. आकडा तोंडातनं गेला की कळपाला दृष्ट लागती."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"घरात लेकरू न्हाई हे काय मोजून कळतं व्हय जी?" रायभान म्हणाला. "तोंडं वळखू येतात." मग तो पुढे म्हणाला, "जित्यांचा आकडा न्हाई सांगत. मेलेल्यांचा सांगतो. नऊ. ते लिवा."



"दोन सालामागं पावसानं ओढ दिली. ज्वारी कापल्यावर खुंटाला कोवळा फुटवा आला होता. हिरवंगार. मेंढरं भुकेली होती. आमचे वडील सांगून गेले होते, सुकीच्या सालचा फुटवा गुडघ्याखाली असला तर त्यात इख असतंय. मला ठावं होतं. तरी म्हनलं, घटकाभर चरू द्यावं. घटकाभरात नऊ आडवी झाली."

"अवं, मेलेली कशाला सांगायलाव?" सुगंधाबाईच्या डोळ्यांत पाणी तरळले. "नोकरी मागायलाव का फाशी?"

"बाकी सगळं लिवलं अन् हे न्हाई लिवलं, तर ते बी लबाडीच झाली की."

"नंतर काय केलंस?" किशनरावांनी हळूच विचारले.

"राहिलेली मेंढरं वळविली. हिला त्येंच्यापाशी ठिवलं अन् मी रातोरात पुढच्या वाड्यांवर पळालो. तीन कळप त्याच शिवारात उतरनार होते. त्येंना अडवलं."

बन्सीधरने कपाळावर हात मारला. किशनरावांनी टाक माझ्यात बुडवला, आणि मला ठाऊक आहे, तो बराच वेळ माझ्या तोंडाशीच थांबला. हे लिहावे की गाळावे? ही ओळ त्या माणसाची नोकरी घालवू शकत होती, आणि नोकरीबरोबर त्या मुलीची शाळाही. शेवटी त्यांनी सावकाश, सुबक अक्षरात लिहिले : 'जिवंत जनावरांची संख्या सांगण्याचा अर्जदाराच्या घरी रिवाज नाही. कोवळ्या ज्वारीच्या विषाने त्याची नऊ मेंढरे दगावली, ती त्याच्या स्वतःच्या चुकीने. त्याच रात्री त्याने इतरांचे तीन कळप वाचविले.' रायभानने खाली सही केली. चार अक्षरे लिहावयास त्याला फार वेळ लागला. परंतु कोणी त्याला घाई केली नाही.

एक महिना गेला. मग दिवाळीच्या तोंडावर ते दोघे पुन्हा लिंबाखाली आले. या वेळी रायभानच्या मुंडाशात खोचलेले एक सरकारी पाकीट होते. त्याने ते फोडलेसुद्धा नव्हते.

"परभणीला बोलावलं होतं," सुगंधाबाईने सांगितले. "धा-बारा जन होते. एकानं हजार मेंढरं लिवली होती, एकानं दोन हजार. ह्यांचा नंबर आला तर सायबानं बाकी कायबी इचारलं न्हाई. नुसती ती नऊ मेंढरं इचारायला लागला. फुटवा केवढा होता, पाणी पाजलं होतं का न्हाई, आधी कोनतं पडलं. आमचे हे समदं सांगत बसले. मी दारातनं बघायलते. म्हनलं, गेली आता नोकरी."

किशनरावांनी पाकीट फोडले. एकदा मनाशी वाचले आणि मग मोठ्याने वाचले. रायभानची नेमणूक झाली होती. राहण्यास एक खोली मिळणार होती. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, काम पाहून कायम.

बन्सीधर उठून आला आणि त्याने रायभानला आपल्या डब्यातील पान दिले. हेही सांगितले पाहिजे. माणूस चेष्टेखोर होता, पण खुनशी नव्हता. रायभान पान हातात धरून उभाच राहिला. त्याला हसावे की कसे, हे सुचत नव्हते.

सुगंधाबाई मात्र किशनरावांच्या हातातील कागदाकडे पाहत होती. "मुन्शीजी, त्यात शाळा किती लांब हाय ते लिवलंय का?"

कागदात ते नव्हते. किशनराव उठले, कचेरीत गेले, परभणीकडच्या एका शिपायाला विचारून परत आले. "अर्ध्या कोसावर आहे, बाई. रस्त्यात ओढा नाही."

तेव्हा कोठे ती खाली बसली.

मित्रांनो, आता आपले महाराष्ट्र राज्य झाले आहे. किशनरावांना कोणीतरी झरणी, म्हणजे पोटातच शाई भरलेली लेखणी, भेट दिली, आणि मी त्यांच्या देवळीत जाऊन बसले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे काम झाले, त्याने जागा करून द्यावी. माझ्या दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. पुढे तुम्ही शिकाल आणि कोणी अडाणी माणूस तुमच्याकडे आपला अर्ज लिहून मागेल. त्याला 'काय येतं?' असे एकदाच विचारून थांबू नका. तीनदा विचारा, आणि त्याच्या घरच्या माणसालाही विचारा. तो जे सांगेल, ते त्याचे चुकलेले असले तरी कागदावर घ्या.

आणि दुसरी गोष्ट. घरात माझ्यासारखी एखादी दौत असेल, तर तिच्यात शाई वाळू देऊ नका. आठ दिवसांनी कोमट पाण्याने धुवा, उन्हात पालथी घाला. जा, आजच पाहा. उद्यावर टाकू नका.