जावई बोलत नाही

क्लेमंटचा ट्रक वळणावर कण्हला की अल्विना खुर्ची फिरवून घ्यायची. खिडकीकडे पाठ, लोखंडी चुलीकडे तोंड. त्यांच्या जमातीत जावई अंगणात असताना सासूनं त्याच्याकडे बघायचं नसतं, बोलायचं तर नाहीच, आणि त्यानंही. हा रुसवा नव्हे, मान असतो. अल्विनाच्या आईनं आणि नवऱ्यानं तो अठ्ठावीस वर्षं पाळला होता, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

अल्विनाची लेक, क्लेमंटची बायको रोशेल जाऊन चार वर्षं झाली होती. मान चालूच होता.

तसं यायला दुसरं होतंच कोण? टेकडीपलीकडचं शेवटचं घर. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा देणगीच्या लाकडांचा ट्रक येई, तो क्लेमंट चालवी. ओंडके फोडून, बारीक करून तो दाराशी रचून ठेवी, कारण तिच्या मनगटाला वजन पेलत नाही हे त्याला माहीत होतं. त्याला कुणी सांगितलं? कुत्र्यानं. कुत्र्याचं नाव जज. दोन्ही बाजू निमूट ऐकून घेतो आणि निकाल कधीच देत नाही, म्हणून.

"जजसाहेब," अल्विना दाराआडून मोठ्यानं म्हणे, "मागच्या खेपेचं लाकूड ओलं होतं. घरभर धूर. मी काय वाळत घातलेलं मांस आहे?"

बाहेर कुऱ्हाड थांबे. "जज, गड्या, आत सांग, या खेपेला पाइन चांगला खडखडीत वाळलाय. रडायचं असेल तर आता दुसरं कारण शोधा म्हणावं."

अल्विना हाताआड हसे.

पण गेल्या महिन्यापासून तिचं चुलीशीच बोलणं चाले. चुलत बहिणीनं फोनवर सांगितलं होतं, क्लेमंट हल्ली काइल नावाच्या गावातल्या एका बाईकडे दिसतो. दिसेना का. एकेचाळीसचा माणूस, एकट्यानं डबाबंद अन्न किती दिवस खाणार? पण त्या बाईची आई जिवंत होती. म्हणजे त्याला नवी सासू मिळणार, मान तिच्याकडे जाणार. मग एखाद्या दिवशी तो ट्रकमधून उतरून सरळ म्हणणार, "काय अल्विना, कशा आहात?" चारचौघांसारखा. तेवढं झालं की रोशेल खरोखरच गेली.

त्या गुरुवारी ट्रकमधून दोन माणसं उतरली. एकाची पावलं सरपणाकडे गेली, दुसऱ्याची दाराशी आली. लाकडं पाठवणाऱ्या संस्थेची नवी बाई, हेडी. ओहायोची. नाक लाल, काखेत कागद.

"आता लाकडांबरोबर आम्ही विचारपूसही करणार आहोत," ती टेकत म्हणाली. "एकट्या राहणाऱ्यांची. देणगी देणाऱ्यांना फार काळजी वाटते हो."

"कॉफी घे, पोरी. काळजीवर बरी असते."

हेडीनं खिडकीतून पाहिलं. "हा तुमच्याशी अवाक्षर बोलत नाही म्हणे. ट्रकमध्ये मी तुमचं नाव काढलं तर तोंड फिरवून बसला. असा माणूस पाठवणं बरं नाही. पुढच्या खेपेपासून टायलरला पाठवते. तो खूप बोलतो."

"बोलणारा नको मला. हा जावई आहे माझा. म्हणून बोलत नाही."

हेडीनं कागद उलटला. मनानं वाईट नव्हती बिचारी. तिच्या हाती नुसते रकाने दिले होते. "पण तुमची मुलगी तर... मला वाईट वाटतं हो. म्हणजे आता तो तसा तुमचा कुणी नाही ना?"

अल्विनानं चुलीत एक ढलपी सरकवली. हेच तर ती महिनाभर चुलीला विचारत होती.

हेडी उठली, दार उघडून तिनं हाक मारली. थंडी घरात घुसली. "क्लेमंट! प्रश्न तूच विचार ये. विचारलेस तर ही फेरी तुझ्याकडेच ठेवते."

बूट पायरीपर्यंत आले. थांबले. अल्विनानं चुलीच्या झाकणावर नजर खिळवली. बोल बाबा, ती मनात म्हणाली, कामावर पाणी सोडू नकोस. आणि त्याच श्वासात, नको रे बोलूस.

हेडीनं दिलेला कागद त्याच्या हातात फडफडला. मग बूट वळले, दाराकडे टाचा झाल्या.

"जज, इकडे ये. यात लिहिलंय, गेल्या आठवड्यात एकटं किती वेळा वाटलं? विचार आत."

जजनं जांभई दिली.

"त्याला सांग," अल्विना चुलीकडेच बघत म्हणाली, "मोजत नव्हते बसले."

"जेवण नीट होतं का, विचार."

"सांग, बटाट्याचं सूप केलं. मीठ जास्त पडलं. नावं ठेवायला कुणी नसलं की हात सुटतो."

हेडी कुत्र्याकडे बघे, मग हिच्याकडे. शेवटी तिनं पायरीवर जाऊन कागद परत घेतला आणि लिहायला लागली. "टायलरला दुसरीकडे घालते," ती पुटपुटली. मग अडखळली. "एक राहिलं. जवळचं नातेवाईक. इथं मी आधीच 'कुणी नाही' लिहून आणलंय."

क्लेमंटला हेडीशी बोलायला बंदी नव्हती. तो तिलाच म्हणाला, "खोडा ते. जावई लिहा." आणि आपला फोन नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा सुटा.

काइलच्या बाईचं काय, ते अल्विनानं विचारलं नाही. कुत्र्यालाही नाही.

ट्रकचा आवाज चढापलीकडे विरल्यावरच तिनं मान वळवली. हेडीनं कागदाची पिवळी प्रत टेबलावर ठेवली होती. कॉफी तशीच. अल्विनानं चष्मा लावला. इतक्या वर्षांत त्याचा नंबर पहिल्यांदाच या घरात आला होता, आणि तो फिरवायची सोय नव्हती. फिरवून बोलणार काय? ती मेल्यावर लावील कुणीतरी.

तिनं दहाही आकडे मोठ्यानं वाचले. पुन्हा वाचले. तिसऱ्या वेळी कागदाकडे न बघता.